तारखेमागचे कारण

मुलाचा आजार एक असला तरी तारखा अनेक असतात. सेरेब्रल पाल्सी असलेले पाच वर्षांचे मूल घ्या. फिटच्या औषधासाठी मेंदूविकारांची ओपीडी, खुब्यासाठी हाडांची, आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपी, एकदा स्पीच थेरपी, पायाच्या स्प्लिंटचे माप, डोळे, दात, आणि मध्येच कधीतरी अपंगत्वाच्या दाखल्यासाठी बोर्डाचा दिवस. प्रत्येक तारीख वेगळ्या खिडकीवर, वेगळ्या माणसाने दिलेली. या सगळ्या तारखा एका कागदावर मांडून पाहणारे माणूस रुग्णालयात सहसा नसते. ते काम घरी होते, बहुतेक घरांत आई करते, आणि तिला ते कुणी शिकवलेले नसते.

ही पुस्तिका त्या कामाविषयी आहे. मुलांच्या ओपीडीत समाजसेविका म्हणून मी अनेक वर्षे काम केले. तिथे एक गोष्ट मनात पक्की झाली. औषधाचा डोस जितक्या काळजीने लिहिला जातो, तितक्या काळजीने पुढची तारीख लिहिली जात नाही. केस पेपरच्या खालच्या कोपऱ्यात ‘तीन महिन्यांनी’ एवढेच असते. तीन महिन्यांनीच का, त्या दिवशी काय पाहणार, महिनाभर उशीर झाला तर काय बिघडेल, याचा उल्लेख नसतो. कारण माहीत नसले की आईवडिलांच्या लेखी सगळ्या तारखा सारख्याच होतात. मग ज्या आठवड्यात हातात पैसे नाहीत किंवा धाकट्याला ताप आहे, त्या आठवड्यात जी तारीख असेल ती चुकते. मुळीच चुकायला नको होती तीसुद्धा.

‘विशेष आरोग्यगरजा असलेली मुले’ हा शब्दप्रयोग या पुस्तिकेत वारंवार येईल. अमेरिकेतल्या माता-बाल आरोग्य विभागाने १९९८ मध्ये त्याची जी व्याख्या स्वीकारली, तिच्यात आजारांची यादी नाही. दीर्घकाळ टिकणाऱ्या शारीरिक, मानसिक, वर्तनविषयक किंवा विकासाच्या अडचणीमुळे ज्या मुलाला इतर मुलांपेक्षा जास्त प्रमाणात किंवा वेगळ्या प्रकारच्या आरोग्यसेवा लागतात, ते मूल या व्याख्येत बसते. थॅलसेमिया, डाउन सिंड्रोम, स्वमग्नता, टाइप-१ मधुमेह, जन्मजात हृदयदोष या सगळ्यांची निदाने एकमेकांपासून कोसभर दूर आहेत, पण या मुलांच्या घरचे दिनदर्शिकेचे पान पाहिले तर सारखेच भरलेले दिसते. म्हणून आम्ही पुस्तिकेची मांडणी आजारांप्रमाणे केली नाही, तारखांच्या स्वभावाप्रमाणे केली.

काही तारखा हट्टी असतात. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांची तपासणी ही त्यांतली सर्वांत हट्टी. गर्भाचे ३४ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या किंवा जन्मताना २००० ग्रॅमपेक्षा कमी वजन असलेल्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांची वाढ विस्कटू शकते. डॉक्टर तिला आरओपी म्हणतात. आपल्या देशातल्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा बाळाच्या पडद्याची पहिली तपासणी जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत व्हायला हवी. २८ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा १२०० ग्रॅमपेक्षा लहान बाळाची तर दोन ते तीन आठवड्यांतच. आजार वाढलेला आढळला तर लेसर दोन-तीन दिवसांत करावा लागतो. आता आपल्या घरांकडे पाहा. बाळबाळंतिणीला सव्वा महिना घराबाहेर काढायचे नाही ही रीत अजून कितीतरी घरांत पाळली जाते, आणि तिच्यामागे बाळाला जपण्याचाच हेतू असतो. एनआयसीयूतून महिन्याच्या आत घरी आलेले इवलेसे बाळ पुन्हा बसमध्ये घालून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेणे आजीला अघोरी वाटते. बाळाचे डोळे तर वरून स्वच्छ, टपोरे दिसत असतात. डिस्चार्जच्या कागदावर ‘डोळे दाखवणे’ एवढेच लिहिलेले असेल तर सव्वा महिना जिंकतो. ‘अमुक तारखेच्या आत पडदा तपासला नाही तर नजर कायमची जाऊ शकते’ असे मराठीत लिहिलेले असेल आणि ते आजीलाही वाचून दाखवलेले असेल, तर तीच आजी बाळाला दुपट्यात गुंडाळून स्वतः घेऊन येते. हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे, म्हणून ठामपणे लिहिते.

नवजात बाळाची कावीळ लांबली आणि शी पांढुरकी होऊ लागली, तर पित्तनलिका बंद आहे का हे ताबडतोब पाहावे लागते, कारण त्यावरची शस्त्रक्रिया साठ दिवसांच्या आत झाली तर यशाची शक्यता जास्त. ऐकण्याची चाचणी पहिल्या महिन्यात, दोष असल्यास त्याचे निदान तिसऱ्यापर्यंत, आणि यंत्र किंवा थेरपी सहाव्यापर्यंत सुरू व्हावी, असा जगभर मान्य झालेला हिशेब आहे. या तारखा बाळाच्या वाढीने ठरवलेल्या आहेत. डॉक्टरांच्या सोयीशी त्यांचा संबंध नाही.

दुसऱ्या प्रकारच्या तारखा उपचाराच्या चक्राला बांधलेल्या असतात. थॅलसेमिया मेजर असलेल्या मुलाला साधारण दोन ते पाच आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. तारीख लांबली की हिमोग्लोबिन उतरते, मूल शाळेत मान टाकून बसते, आणि वर्षानुवर्षे असे होत राहिले तर हाडांवर आणि हृदयावर परिणाम होतो. रक्त जुळवण्यासाठी नमुना आधी द्यावा लागतो, म्हणून ही खरे तर जोडीची तारीख आहे. आदल्या दिवशीची फेरी विसरली तर चढवण्याचा दिवस वाया जातो. वाकड्या पावलांचे, म्हणजे क्लबफूटचे, प्लास्टर दर आठवड्याला बदलतात. पाच-सात प्लास्टरांनंतर पाऊल सरळ दिसू लागते आणि इथेच धोका असतो. यानंतरचा खास बूट पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास आणि मग चार-पाच वर्षांचे होईपर्यंत झोपताना घालायचा असतो. पाऊल सरळ झाले, आता दाखवायचे काय, असे वाटून बुटाच्या तारखा गळतात आणि पाऊल पुन्हा आत वळते. स्नायूंचा ताठपणा कमी करण्यासाठी दिलेल्या बोटॉक्सच्या इंजेक्शनचा परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो. तेवढ्याच काळात व्यायाम आणि स्प्लिंटने पाय सुधारून घ्यायचा असतो. म्हणून फिजिओथेरपीच्या तारखा हातात आल्याशिवाय इंजेक्शनची तारीख घेऊ नये, असे आम्ही पालकांना सांगतो. इंजेक्शन आज आणि फिजिओचा नंबर दोन महिन्यांनी, असे झाले तर महागडे औषध फुकट गेले.

आणि काही तारखा अशाही असतात की त्या सरकवता येतात. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाची थायरॉइडची चाचणी वर्षातून एकदा करायची असते. मूल बरे असेल, डॉक्टरांची हरकत नसेल, तर ती पंधरा-वीस दिवस पुढे ढकलून कान-डोळ्यांच्या तपासणीबरोबर उरकता येते. पालकांना हा हक्क आहे हेच ठाऊक नसते. ‘ही तारीख दुसऱ्या तारखेला जोडून मिळेल का?’ हे विचारणे म्हणजे उद्धटपणा वाटतो. तो उद्धटपणा नाही. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाच्या खुब्याचा एक्स-रे मात्र असा सहज सरकवू नये. विशेषतः चालू न शकणाऱ्या मुलांत खुबा हळूहळू जागचा सरकतो, आणि दुखू लागण्याच्या कितीतरी आधी ते एक्स-रेत दिसते. दुखत नाही म्हणून गेलो नाही, हे कारण ऐकताना दर वेळी जीव हळहळतो.

रुग्णालयाची दिनदर्शिका आणि घराची दिनदर्शिका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नियोजन म्हणजे त्या दोन्ही एकमेकींवर ठेवून पाहणे. मोठ्या सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत प्रत्येक युनिटचे ओपीडीचे वार ठरलेले असतात. सोमवारी ज्या डॉक्टरांना दाखवले ते गुरुवारी ओपीडीत नसतात. सोमवार चुकला म्हणून मंगळवारी गेले तर कुणीतरी नक्कीच तपासते, पण त्याला मुलाची गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागते. म्हणून केस पेपरवर डॉक्टरांच्या नावाआधी युनिट आणि वार लिहून घ्या. फिटची, थॅलसेमियाची, वाढ आणि विकासाची ओपीडी आठवड्यातून एखाद्याच दिवशी असते. परळमध्ये मुलांसाठीचे वाडिया रुग्णालय, केईएम आणि टाटा हाकेच्या अंतरावर असल्यामुळे बाहेरगावची कुटुंबे एका फेरीत दोन ठिकाणे उरकायचा विचार करतात. तो विचार चांगला, पण दोन्हीकडचे वार जुळतात का हे निघण्याआधी बघावे लागते.

घराकडची दिनदर्शिका तर रुग्णालयाच्या ध्यानीमनीही नसते. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणारे कुटुंब दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघते ते उन्हाळ्यात परतते. अशा मुलाला ऑगस्टमध्ये ‘चार महिन्यांनी’ म्हटले, की तारीख येते डिसेंबरात, आणि तेव्हा मूल कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकातल्या एखाद्या कारखान्याच्या फडात, खोपीत असते. इथे पालकांना बेजबाबदार म्हणणे अन्याय आहे. तारीख देताना ‘तुम्ही तेव्हा कुठे असाल?’ एवढे विचारले असते, तर निघण्याआधी एकदा तपासणी, औषधाचा पुरेसा साठा आणि कारखान्याजवळच्या रुग्णालयाच्या नावे चिठ्ठी, अशी व्यवस्था झाली असती. पेरणीचा जून, कोकणातला आणि घाटातला पावसाळा, दहावीला असलेल्या थोरल्या बहिणीची परीक्षा, वडिलांचा बुडणारा रोज, हे सगळे उपचाराच्या आड येते आणि ते आधीपासून दिसत असते. पुस्तिकेतल्या वर्षाच्या तक्त्यात म्हणूनच वरच्या ओळीत सुगी, शाळा आणि प्रवास यांसाठी जागा ठेवली आहे, आणि तारखा तिच्या खाली.

एक साधे गणित सगळ्यांनी शिकून घ्यावे असे मला कळकळीने वाटते. फिटचे औषध दिवसातून दोनदा पाच-पाच मिली असेल तर शंभर मिलीची बाटली दहा दिवसांत संपते. तारीख महिन्याने आणि हातात दोन बाटल्या, म्हणजे शेवटचे दहा दिवस औषधाविना. फिटचे औषध एकदम बंद पडले तर लांबलेल्या, न थांबणाऱ्या फिटचा धोका असतो, आणि अशी मुले रात्री-अपरात्री जवळच्या रुग्णालयात पोचतात. खिडकीवरून निघण्याआधी बाटल्या मोजाव्यात, तारखेपर्यंतचे दिवस मोजावेत, आणि वर आठवडाभराचे जास्तीचे औषध मागावे.

तपासणीच्या दिवसाची तयारीही तारखेचाच भाग आहे. ईईजीला, म्हणजे मेंदूच्या लहरींच्या तपासणीला, येताना केस धुऊन या, तेल लावू नका, हे सांगायचे राहून जाते. आपल्याकडे मुलाला बाहेर न्यायचे म्हणजे डोक्यावर खोबरेल तेल चोपडून भांग पाडायचा. तेलकट केसांवर इलेक्ट्रोड नीट चिकटत नाहीत, टेक्निशियन वैतागतात, आणि नवी तारीख मिळते. झोपेतला ईईजी असेल तर मुलाला आदल्या रात्री उशिरापर्यंत जागवून, पहाटे लवकर उठवून आणायचे असते. पण मग वाटेत एसटीत ते गाढ झोपते आणि टेबलावर टक्क जागे! वाटेत त्याला जागे ठेवायला सोबत दुसरे माणूस हवे. कानाच्या बेरा चाचणीतही लहान मूल झोपलेले लागते. एमआरआयसाठी भूल द्यायची असेल तर सर्वसाधारणपणे जेवण सहा तास आधी, आईचे दूध चार तास आधी आणि पाणी दोन तास आधी बंद करतात. नेमके काय करायचे ते भूलतज्ज्ञांकडूनच लिहून घ्यावे. कुडाळहून रात्रीच्या गाडीने निघून पहाटे दादरला उतरलेल्या, पहाटेपासून उपाशी असलेल्या तीन वर्षांच्या मुलाचा नंबर दुपारी दोनला लागला तर काय होते, ते त्या वेटिंग हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येकाला ऐकू येते. लांबून येणाऱ्या, उपाशी ठेवलेल्या मुलाला सकाळची पहिली वेळ मागावी. आणि भूल द्यायचीच आहे, तर त्याच भुलेत बेरा किंवा दुसरी एखादी तपासणी उरकता येईल का, हे त्याच वेळी विचारावे.

स्वमग्न मुलांबाबत मी थोडे जास्त लिहिणार आहे, कारण त्यांच्या तारखा दारातच मोडतात. डॉक्टरांच्या खोलीत मूल पोचतच नाही. नंबर पुकारणारा भोंगा, ट्यूबलाइटची फडफड, फिनेलचा वास, अनोळखी हात, यांतली एकेक गोष्ट त्याला असह्य होऊ शकते, आणि दोन तास थांबल्यावर मूल जमिनीवर लोळू लागले की भोवतालचे लोक आईकडे बघतात, शिस्त लावली नाही म्हणून. अशा मुलासाठी गर्दी वाढण्याआधीचा नंबर ही सवलत मानू नये. तपासणी होण्याची ती पहिली अट आहे. जमल्यास तारखेआधी एकदा नुसतेच जाऊन यावे. फाटक, जिना, सिस्टरांचे टेबल मुलाला दाखवावे, मोबाइलवर फोटो काढून घरी रोज बघावेत. दातांचे चांगले डॉक्टर मुलाला उपकरण आधी सांगतात, मग हातात देऊन दाखवतात, आणि तेव्हाच तोंडात घालतात. हाच क्रम रक्त काढतानाही का पाळू नये?

आता फायलीविषयी. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९६७ मध्ये ‘मेडिकल होम’ ही कल्पना मांडली, तेव्हा तिचा मूळ अर्थ एवढाच होता की दीर्घ आजाराच्या मुलाची सगळी कागदपत्रे एका जागी असावीत. आपल्याकडे ओपीडीची कागदपत्रे मुलाच्या घरीच असतात, म्हणून हे मेडिकल होम आईच्या खांद्यावरच्या पिशवीत असते. त्या पिशवीला मान द्यावा. कागद तारखेप्रमाणे लावावेत, सर्वांत नवा वर. ईसीजी किंवा मशीनमधून निघणाऱ्या गुळगुळीत कागदावरची छपाई काही महिन्यांत पुसट होते, त्याची झेरॉक्स लगेच काढावी. पहिल्या पानावर निदान, सध्याची औषधे आणि डोस, वजन, कशाची ॲलर्जी, झालेली ऑपरेशने आणि दोन फोन नंबर लिहावेत. मूल बेशुद्ध असताना अनोळखी डॉक्टरला हेच पान लागते. फिट येते कशी, हे तोंडी सांगण्यापेक्षा मोबाइलवर काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ डॉक्टरांना कितीतरी जास्त सांगतो.

सरकारी योजनांची माहिती पुस्तिकेत पुढे सविस्तर आहे, इथे दोनच गोष्टी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरमधून झाली. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतात, आणि अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना पुढे पाठवतात. त्यातून उभी राहिलेली जिल्हा पातळीवरची डीईआयसी केंद्रे याच विचाराने आखली आहेत, की बालरोगतज्ज्ञ, फिजिओ, श्रवणतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ एका छपराखाली भेटावेत. जिथे सगळी पदे भरलेली आहेत, तिथे पाच फेऱ्यांची एक होते. मुंबई-पुणे-नागपूर गाठण्याआधी आपल्या जिल्ह्यात काय होऊ शकते हे बघा. निदान थेरपी आणि रक्ततपासण्या तरी जवळ होतात. दुसरी गोष्ट दाखल्याची. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने २१ प्रकार मानले असून त्यांत थॅलसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेलही आहेत. दाखला आणि यूडीआयडी कार्ड यांसाठी लागणारा दिवस वर्षाच्या सुरुवातीलाच काढून ठेवा, कारण एसटी-रेल्वेची सवलत, निरामय विमा आणि इतर बरेच काही त्यावर अडलेले असते.

वडिलांना मला थेट सांगायचे आहे. दादा, रजा नाही, रोज बुडतो, हे सगळे खरे. पण वर्षातल्या सगळ्या तारखांमधून दोन-तीन तुमच्या नावावर घ्या, आणि त्या निर्णयाच्या घ्या: ऑपरेशन ठरायचे असेल, नवे औषध सुरू व्हायचे असेल, त्या. घरी येऊन ‘काय म्हणाले डॉक्टर?’ असे विचारणाऱ्या माणसासमोर आईला पुन्हा एकदा परीक्षेला बसावे लागते. डॉक्टरांनी सांगितलेली वाईट बातमी तिने एकटीने ऐकायची आणि मग एकटीनेच ती सासरी समजावून सांगायची, हे ओझे वाटून घेता येण्यासारखे आहे.

मूल बारा वर्षांचे झाले की अनेक सरकारी रुग्णालयांत मुलांचा विभाग सुटतो आणि मोठ्यांच्या ओपीडीत जावे लागते. वर्षानुवर्षे ओळखणारे डॉक्टर, सिस्टर, मामा सगळे मागे राहतात. हा बदल अचानक अंगावर येऊ नये म्हणून अकराव्या वर्षीच जुन्या डॉक्टरांकडून दोन पानांचा सारांश लिहून घ्यावा आणि नव्या विभागातली पहिली तारीख जुन्या विभागातल्या शेवटच्या तारखेआधी मिळवावी. जे मूल बोलू-लिहू शकते, त्याला याच वयापासून स्वतःच्या गोळ्यांची नावे पाठ असावीत, आणि डॉक्टरांचा पहिला प्रश्न त्याला विचारला जावा.

डॉक्टर, सिस्टर आणि खिडकीवर बसणारे सहकारी हे पान वाचतील अशी आशा आहे. पुस्तिकेच्या शेवटी तारखांचा तक्ता आहे. त्यात दिवस, वार, युनिट, सोबत काय आणायचे, उपाशी यायचे का, असे नेहमीचे रकाने आहेत. आणखी दोन आम्ही मुद्दाम वाढवले आहेत. एक ‘कशासाठी’ आणि दुसरा ‘किती उशीर चालेल’. हे दोन रकाने पालकांना भरता येणार नाहीत. ते तारीख देणाऱ्यानेच, शक्यतो मराठीत आणि सुवाच्य अक्षरात भरायचे आहेत. ओपीडीची गर्दी मला माहीत आहे. सकाळी शंभर मुले तपासताना जास्तीची एक ओळ लिहिणेही जड जाते. तरीही ज्या आईपुढे हा तक्ता कोरा राहील तिला पुढच्या तीन महिन्यांत ती ओळ स्वतःच्या अंदाजाने भरावी लागेल, म्हणून ही विनंती.